चालवून दाखवण्याचा नियम

ग्रंथपालांना सायकल चालवता येत नव्हती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोर्टाला मात्र माहीत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सायकल होती बाईंची. बाई म्हणजे ग्रंथपालांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे विद्यार्थी, दुकानदार, शेजारी आणि चारचौघांत खुद्द ग्रंथपालही त्यांना बाईच म्हणत. रोज सकाळी बाई सायकल चालवत आणि ग्रंथपाल मागे कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर पुस्तक उघडून बसत. वाचनालयाच्या दाराशी बाई ब्रेक दाबत. ग्रंथपाल पानात बोट घालून उतरत आणि बाई पुढे शाळेकडे जात. सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली, आणि पुढे तर लोक त्या सायकलीवर आपली घड्याळं लावू लागले. आपल्याला कुणी पाहत नाही, असं ग्रंथपालांना वाटे. पुस्तकात तोंड खुपसलेल्या माणसाचा तो जुनाच गैरसमज आहे.

एके दिवशी ती सायकल शाळेच्या पडवीतून चोरीला गेली. फिर्याद ग्रंथपालांनी दिली, कारण पावती त्यांच्या नावावर होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती बाईंसाठी घेतली होती, आणि दुकानात स्वतःचं नाव सांगताना त्यांना उगाचच ऐट वाटली होती. माणसाने आयुष्यात एकदा ऐट करावी आणि नेमकी तीच नडावी, असं त्यांच्या बाबतीत नेहमी होई.

"जाऊ दे. चालणं तब्येतीला बरं," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चालत निघाल्या. विषय संपला. पण जिन्याखाली जिथे सायकल उभी असायची, ती रिकामी जागा बाई रोज झाडत. कचरा नसला तरी झाडत. ग्रंथपालांनी ते पाहिलं, पण त्यावर काय बोलावं हे कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं त्यांना आठवेना.

मग बऱ्याच महिन्यांनी बाईंचा धाकटा भाऊ, जो वकील होता, वाचनालयात आला आणि कपाटाआड ग्रंथपालांना गाठून म्हणाला, "भावोजी, चोर सापडला. आठ-दहा सायकली निघाल्या त्याच्याकडे. ताईची पण आहे. कोर्टात जमा झालीये."

"नक्की तीच?"

"मडगार्डवर रंगाने फूल कुणी काढलंय? ताईनेच ना? ते फूल कमी, फुलकोबी जास्त वाटतं. तीच आहे. आपण अर्ज टाकू, आठ दिवसांत सायकल घरी."

"बाईंना सांगायचं नाही," ग्रंथपाल म्हणाले. "मिळाली नाही तर पुन्हा जाऊ दे म्हणावं लागेल तिला. एकदा म्हणाली तेवढं पुरे."

इथे त्या कोर्टाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता तसं कोर्ट राहिलं नाही. मोठे कायदे वरून येत, पण बारीकसारीक शिस्तीचे नियम करायची मुभा वरच्या कोर्टाने प्रत्येक लहान कोर्टाला दिली होती. अट एवढीच, की नियम कायद्याच्या आड येता कामा नये, करण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्यात, वरून मंजुरी घ्यावी आणि भिंतीवर लावल्याशिवाय तो लागू करू नये. बाकीच्या कोर्टांनी या मुभेचा उपयोग कामकाजाच्या वेळा ठरवण्यापुरता केला. आमच्या कोर्टाने ती मुभा मनावर घेतली. छत्र्या दाराच्या डाव्या हाताला, टोकं खाली करून ठेवाव्यात. साक्षीदार वृद्ध असल्यास पंखा बंद करावा, म्हणजे त्याचं बोलणं ऐकू येईल. साक्षीदार फारच वृद्ध असल्यास पंखा चालू ठेवावा. प्रत्येक नियमामागे कधीतरी घडलेला एक गोंधळ होता, आणि गोंधळ विसरला गेला तरी नियम भिंतीवर तसाच राहिला होता.

त्यातला एकोणिसावा नियम असा होता, की चोरीची जप्त वस्तू परत मागणाऱ्याने ती न्यायाधीशांसमोर स्वतः चालवून दाखवावी.

तोही उगाच झाला नव्हता. फार पूर्वी एका शिलाई मशीनवर दोघांनी हक्क सांगितला होता. तेव्हाच्या न्यायाधीशांनी दोघांनाही दोरा ओवायला लावला, आणि एकाने तो भलत्याच भोकात ओवला. न्याय इतका झटपट झाला की त्याचा नियमच करून टाकला. त्यानंतर बँडवाल्याने कोर्टात क्लॅरिनेट वाजवून नेलं. एका आजोबांनी चोरीला गेलेली कवळी तिथल्या तिथे बसवून बिस्किट खाऊन दाखवलं, आणि न्यायाधीशांनी चहाही मागवला म्हणतात.

"मग तुम्ही सायकल चालवून दाखवायची. त्यात काय?" मेहुणा म्हणाला.

ग्रंथपाल चष्मा पुसत राहिले.

"भावोजी, तुम्हाला येते ना सायकल?"

"तू मला कधी चालवताना पाहिलंयस?"

"नाही, पण मला वाटायचं ताईला हौस आहे म्हणून तुम्ही मागे बसता."

"तिला हौस होती. मला येत नव्हती. दोन्ही खरं."

न्यायाधीश नवे होते, बोलायला मऊ होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून ग्रंथपालांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा नियम मी केलेला नाही. पण कोर्टाचा आहे. आज तुम्हाला सूट दिली तर उद्या क्लॅरिनेटवाला विचारेल, मी काय घोडं मारलं होतं? नियम चुकीचा असेल तर तो बदलावा. बदलेपर्यंत पाळावा."

"बदलता येतो?" ग्रंथपालांनी विचारलं. घरून पाठ करून आणलेलं वाक्य वेगळंच होतं, पण ते त्यांना ऐन वेळी सापडलं नाही.

"येतो की. कुणीही सूचना देऊ शकतो. द्या तुम्ही."

कोठडीतल्या सगळ्या जप्त वस्तू ज्यांच्या ताब्यात असत, ते नाझर मागून हळूच म्हणाले, "साहेब, कोर्टाला सुट्टी लागायच्या आत वस्तू नेली नाही तर सुट्टीनंतर लिलाव असतो. भंगारवाला परवाच सायकल उचलून वजनाचा अंदाज घेऊन गेलाय."

तेव्हापासून ग्रंथपालांना स्वप्नात भंगारवाला दिसू लागला. तो सायकल उचलायचा आणि मान हलवायचा.

सूचना लिहायला ग्रंथपालांनी चार दिवस घेतले आणि एकच वाक्य लिहिलं: वस्तू मालकाने किंवा ती ज्याच्या वापरात होती त्याने चालवून दाखवावी. एवढंच. ते कागदावर इतकं बिचारं दिसलं की त्यांना वाटलं, वकील लोक वाचून हसतील. पण वकील हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं.

कागद कोर्टाच्या भिंतीवरच्या फळ्यावर लागला, हरकती मागवल्या गेल्या आणि त्या आल्याही. बँडवाल्याने लिहिलं, की माझं क्लॅरिनेट दुसऱ्या कुणी तोंडाला लावलेलं मला चालणार नाही. आजोबांनी कवळीबद्दल तेच लिहिलं, पण जास्त कडक भाषेत. वकिलांच्या खोलीत बैठक बसली. सगळ्यात म्हाताऱ्या वकिलांनी शंका काढली, "वापरात होती म्हणजे कुणाच्या? चोर म्हणेल, चोरल्यापासून मीच वापरतोय." ही शंका इतकी बिनतोड होती की तिच्यासाठी पोटसमिती नेमावी लागली. पोटसमितीत मेहुणाही होता. तो रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन बातम्या द्यायचा.

"आज दुचाकी आणि तिचाकीसाठी वेगळा नियम हवा का, यावर बोलणं झालं."

"पण माझी तर साधी सायकल आहे रे."

"भावोजी, आता ती तुमची राहिली नाही. आता तो तत्त्वाचा प्रश्न झालाय."

तत्त्वाचा प्रश्न झाला म्हणजे आपलं काम होत नाही, एवढं जग ग्रंथपालांनीही पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की नियम बदलायच्या भरवशावर बसायचं नाही. सायकल शिकायची. वयाच्या पन्नाशीनंतर.

आधी त्यांनी वाचनालयातलं सायकलीवरचं एकुलतं एक पुस्तक काढलं. त्यात तोल सांभाळण्यावर एक सुंदर प्रकरण होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, टिपणं काढली, आणि घराच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांची सायकल मागून घेऊन डेअरीमागच्या मैदानावर पहिल्याच प्रयत्नात आडवे झाले.

"पुस्तकात काय लिहिलं होतं?" पोस्टमास्तरांनी वरून विचारलं.

"गुरुत्वमध्य."

"तो तिथे कुंपणापाशी पडलाय बघा. उठा. सायकल म्हणजे टपालासारखी असते. चालत राहिली तर ठीक, थांबली की पडून राहते."

पोस्टमास्तर मागून सीट धरून पळत. पळताना त्यांना दम लागे, आणि दम लागला की ते न सांगता सीट सोडत. मैदानाच्या कडेला दूध आणायला आलेली माणसं थांबत. समोर बघा, असं एक जण सांगे. चाकाकडे बघा, असं दुसरा. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, कुठेच बघू नका, देवाचं नाव घ्या. ग्रंथपालांचा स्वभाव असा, की कुणाचंच मन मोडवत नसे. ते आळीपाळीने समोर बघत, चाकाकडे बघत आणि कुठेच बघत नसत, आणि म्हणून पडत.

घरी कोपर खरचटून आले तेव्हा बाईंनी विचारलं, "हे काय?"

"वाचनालयाच्या शिडीवरून घसरलो."

दुसऱ्या दिवशी गुडघा फुटला. पुन्हा शिडीच. तिसऱ्या वेळी हनुवटी. बाईंनी हळद लावली आणि सकाळी वाचनालयाच्या समितीला निरोप धाडला, की आपली शिडी माणसाच्या जिवावर उठलेली आहे. समितीने तातडीने चौकशी लावली. अध्यक्ष स्वतः शिडीवर चढून पाहून गेले. शिपायाने जबाब दिला, की शिडी भक्कम आहे आणि ग्रंथपालसाहेब गेल्या महिनाभरात तिच्यावर चढलेलेच नाहीत. शेवटी अध्यक्षांनी एक शेरा मारला: दोष शिडीत नसून वापरणाऱ्यात असावा. ग्रंथपालांची सगळी नोकरी डाग न लागता झाली होती. आता त्यांच्या नावापुढे शिडी लागली.

पण ते शिकले. कसे ते त्यांनाही कळलं नाही. एका सकाळी पोस्टमास्तरांचा आवाज जवळून येईनासा झाला, म्हणून त्यांनी मागे पाहिलं, तर पोस्टमास्तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे होते. ग्रंथपाल एकटे चालले होते. त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते पुस्तकातल्या प्रकरणात नव्हतं. फक्त एक अडचण राहिली. त्यांना सरळच जाता येत होतं. वळायचं म्हटलं की सायकल त्यांना सोडून वळे.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. नियमाची मंजुरी वरून आली नव्हती. कोर्टाच्या आवारात फाटकापासून विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलेलं होतं. ग्रंथपालांना जाण्याची काळजी नव्हती. रात्रभर त्यांनी परत येण्याचा विचार केला होता.

नाझरांनी कोठडीतून सायकल बाहेर काढली. इतके महिने पडून ती धुळीने माखली होती, पण मडगार्डवरचं फूल शाबूत होतं. ग्रंथपालांनी न राहवून रुमालाने ते पुसलं. दोन्ही चाकांत हवा नव्हती. पोस्टमास्तरांनी पंप आणला होताच, ते खाली वाकले, तर नाझर आडवे आले.

"हवा भरता येणार नाही. माझ्याकडे जमा झाली तेव्हा हवा नव्हती. जप्त वस्तूत वाढ करता येत नाही."

"अहो, हवा आहे ती. वाढ कसली?"

"उद्या कुणी विचारलं, एवढी हवा आली कुठून?"

प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेलं. ते व्हरांड्यात आले. म्हातारे वकील उठून म्हणाले, "साहेब, हवा ही मालमत्ता आहे की नाही यावर मला थोडं बोलायचंय."

"तुम्ही नका बोलू," न्यायाधीश कळवळून म्हणाले. "सुट्टी लागायचीये." मग त्यांनी निकाल दिला, की हवा ही कुणाचीच नसल्यामुळे ती भरायला कुणाचीच हरकत असू शकत नाही. नाझरांनी तेही लिहून घेतलं. हवा भरली गेली.

ग्रंथपालांनी धोतर आवरल्यासारखी पँट आवरली, फाटकापाशी सायकल धरली, आणि व्हरांड्यात जमलेल्या काळ्या कोटांकडे न पाहता एक पाय पेडलवर ठेवला. आयुष्यात इतके लोक आपल्याकडे एकदम पाहताहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तेवढ्यात फळ्याजवळून हातोडीचा आवाज आला. ठक, ठक.

"थांबा," मेहुणा ओरडत आला. "मंजुरी आली. आत्ताच्या टपालाने आली. पट्टेवाल्याने फळ्यावर ठोकलाय कागद."

"म्हणजे लागू झाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लावला की लागू," नाझर म्हणाले.

"वाचा."

मेहुण्याने वाचलं. पोटसमितीने आपल्या परीने कष्ट घेतलेले दिसत होते. चोरीला जाण्यापूर्वी वस्तू ज्याच्या वापरात होती त्याने, आणि एकाहून अधिक जण वापरत असल्यास त्या सर्वांनी मिळून, ती नेहमीच्या रीतीने चालवून दाखवावी. तोंडात घालायच्या वस्तू वगळून.

ग्रंथपालांचा पाय पेडलवरच राहिला. "पण मी शिकलोय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो फक्त पोस्टमास्तरांना ऐकू आला, आणि त्यांनी मान फिरवली.

न्यायाधीशांनी विचारलं, "नेहमीच्या रीतीने म्हणजे कोण चालवायचं?"

उत्तर ग्रंथपालांनी द्यायची गरज पडली नाही. व्हरांड्यातले निम्मे वकील बाईंच्या हाताखाली गणित शिकलेले होते. "बाई चालवायच्या, साहेब," तीन-चार जण एकदम म्हणाले. "हे मागे बसायचे."

मेहुणा शाळेकडे पळाला. बाई आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना अजून खडू होता. त्यांनी फाटकातच सायकल पाहिली आणि थांबल्या. मग तिच्यापाशी गेल्या, फुलावर हात फिरवला, घंटी एकदा वाजवली. घंटीचा आवाज पूर्वीसारखाच फुटका होता. मग त्यांनी नवऱ्याच्या हनुवटीकडे पाहिलं.

"मी तुला सांगणारच होतो," ग्रंथपाल म्हणाले. "ती शिडी..."

"शिडीला चेन कधीपासून बसवली? रोज उजव्या पायाला वंगण लावून घरी येत होतात."

"तुला ठाऊक होतं? मग समितीला निरोप कशाला धाडलास?"

"म्हटलं बघू, कुठवर ताणताय. बसा आता. लोक खोळंबलेत."

ग्रंथपाल कॅरिअरवर बसले, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. बाई निघणार तोच नाझर म्हणाले, "साहेब, नेहमीची रीत पुरी झाली नाही. हे मागे बसून वाचायचे. माझं घर त्याच रस्त्यावर आहे, मी रोज पाहायचो."

पुस्तक कुणाकडेच नव्हतं. वकिलांकडे कायद्याची होती, पण ती मांडीवर मावणारी नव्हती. शेवटी न्यायाधीशांनी टेबलावरचं कोर्टाच्या नियमांचं पातळसं पुस्तक मागवलं. ते कोर्टाबाहेर नेता येत नाही, असं नाझर म्हणाले. आवार हे कोर्टच आहे, असं न्यायाधीश म्हणाले. आणि बाई निघाल्या.

फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीला वळसा घालून परत. फार लांब नव्हतं ते. ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं होतं, पण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. बाईंच्या पाठीला खडूचा वास येत होता. व्हरांड्यात कुणी हसलं नाही. एका वकिलाने, सवयीने, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सारखं केलं.

"ओळख पटली, साहेब?" नाझरांनी विचारलं.

"मला नव्याने पटली," न्यायाधीश म्हणाले. "बाकीच्यांना आधीच पटलेली दिसतेय. सायकल द्या."

फाटकाबाहेर आल्यावर बाईंनी ब्रेक दाबला आणि उतरल्या.

"आता तुम्ही चालवा. मी बसते मागे."

"अगं, लोक बघतील."

"इतकी वर्षं बघतच होते."

"मला वळता येत नाही," ग्रंथपालांनी सांगून टाकलं. "सरळच येतं फक्त."

बाईंनी गणित सोडवावं तसा क्षणभर विचार केला. "वळणावर उतरू," त्या म्हणाल्या. "हाताने वळवू. पुन्हा बसू."

तसेच गेले ते दोघं. सरळ रस्त्यावर ग्रंथपाल चालवत. वळण आलं की दोघंही उतरत, सायकल हाताने वळवत आणि पुन्हा बसत. तळ्याच्या रस्त्याला वळणं फार, तरी बाई म्हणाल्या त्याच रस्त्याने जाऊ. घरी पोहोचायला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं.

आता कोर्ट नव्या इमारतीत गेलंय. भिंतीवर नियम नाहीत, छापील पुस्तकात आहेत. तोंडात घालायच्या वस्तू वगळून, हे शब्द तिथे कशासाठी आलेत ते नव्या वकिलांना कळत नाही. नेहमीची रीत म्हणजे काय, हेही ते एकमेकांना विचारतात.

ग्रंथपाल वळायला शिकले नाहीत. बाई मागे होत्या तोवर गरज पडली नाही, आणि नंतर इच्छा झाली नाही. अजूनही कधी संध्याकाळी ते सायकल काढून तळ्याकडे जातात. वळण आलं की उतरतात. मागचं माणूस उतरायला लागेल तेवढा वेळ थांबतात. मग हाताने सायकल वळवतात आणि सरळ जातात.